चार गुंठे खडक

उपग्रहानं जुलैत काढलेल्या फोटोत
वाल्या रेचेच्या कुरणावर, वरच्या अंगाला
एक फिकट पांढरा डाग आहे.
संगणक म्हणतो : खडक.
खडकावर गवत नाही,
गवत नाही तिथे अनुदान नाही,
म्हणून चार गुंठे वजा.

तीनशे बारा हेक्टरांतून चार गुंठे.
एवढ्यासाठी हरकत आली, वकिलाच्या सहीनं.
'शेतकरी' या रकान्यात नाव : डॉक्टर ओक्तावियान प्रेदा,
क्लुज शहरात दातांचा दवाखाना,
गावच्या महापौरांचे जावई.
गावाचं कुरण दहा वर्षांच्या भाडेपट्ट्यानं त्यांच्याकडे.
लिलाव झाला म्हणतात, एका मंगळवारी.
नोटीस होती चर्चच्या मागच्या दारावर.

मी जिल्हा कचेरीत हद्दी आखते.
झुडूप दिसलं की वगळायचं, डबकं दिसलं की वगळायचं,
एकट्या नासपतीच्या झाडाची सावलीसुद्धा
माऊसनं कातरून काढते, बाळाची नखं काढावीत तशी.
उरतं ते पात्र क्षेत्र.
पात्र हा शब्द मी दिवसातून दोनशे वेळा लिहिते,
माणसापुढे एकदाही नाही.

तर मला पाठवलं खडक बघायला.
जीप ओढ्यापर्यंत, पुढे दीड तास चढण,
हातात जीपीएस, पायांत कचेरीतले बूट.
खुणेच्या जागी पोचले तर गवत.
खुरटं, नुकतं कुरतडलेलं,
मधूनमधून लेंड्या, अजून ओल्या.
खडक शंभर पावलं खाली सरकला होता
आणि त्याच्या बाजूनं तीन कुत्री माझ्यावर धावून येत होती.

इलारिएनं शीळ घातली. कुत्री बसली.
त्याच्या मागे एकशे चाळीस मेंढ्या,
सावली नाही म्हणून
एकमेकींच्या पोटाखाली डोकी घालून उभ्या,
एकही हलेना.

कुरण चरलेलं असावं, ही अट आहे.
चरतात याच्या मेंढ्या.
याच्या नावावर हेक्टर शून्य.
चरू देतात म्हणून ईस्टरला डॉक्टरांकडे
एक कोकरू आणि चीजची दोन चाकं पोचवायची.
त्यातलं एक चाक दरसाल आमच्या कचेरीत येतं.
मी खाल्लंय. जरा खारट, पण चांगलं होतं.
चराऊ कुरण म्हणतात ते हेच असावं,
मी तरी कुठे उपाशी होते.

टॅबवर त्याला फोटो दाखवला.
त्यानं हात पँटला पुसले, मग बोट टेकवलं :
'ही मेंढरं. आणि हा मी.'
डागाच्या कडेला एक करडा ठिपका.
मोठा करायला गेलो तर त्याचे चौकोन झाले,
मग नुसताच रंग.

'आमच्यामुळे किती कापले?'
'चाळीस लेउ.'
त्यानं कोटाच्या आतून नोटा काढल्या,
दहाच्या चार, मऊ पडलेल्या.
'डॉक्टरांना द्या. उगीच वाईटपणा नको.'
थट्टा होती की काय, मला अजून ठरवता आलेलं नाही.
चेहरा उन्हानं इतका रापलेला
की हसू कुठून सुरू होतं ते कळत नाही.

मी नोटा घेतल्या नाहीत.
गुडघ्यावर फॉर्म ठेवून लिहिलं :
खडक आढळला नाही. क्षेत्र पात्र.
खाली 'शेरा' म्हणून दोन ओळींची जागा असते.
पेन तिथे बराच वेळ धरून ठेवलं,
शाईचा ठिपका पडला.
तो तसाच अपलोड झाला.

निघताना त्यानं विचारलं, पुढचा फोटो कधी?
सांगायचं नसतं.
मी बुटातला खडा काढत म्हणाले,
'जुलैत. ढग नसतील त्या दिवशी. अकराच्या सुमारास.'
तो काही बोलला नाही.
मेंढरांकडे वळला आणि
वरच्या कड्यापासून ओढ्यापर्यंत नजर नेली, सावकाश,
किती पसरून उभ्या राहतील, याचा अंदाज घेत.